नाण्यांचे दागिने विकून धान्यकोष उभा करायचा आहे : सल्ला हवा

रानवाट

नमस्कार. नंदुरबार जिल्ह्यातील धडगाव तालुक्यात, सातपुड्याच्या वरच्या पाड्यांवर राहणाऱ्या अकरा बायकांच्या गटाबरोबर मी गेली चार वर्षे काम करते. गटात पावरा आणि भिल्ल समाजाच्या बायका आहेत. मणी ओवणे, गाठवणे आणि गोंडे बांधणे त्यांच्या हातात आईकडूनच आलेले आहे. गेल्या वर्षी आम्ही जुन्या नाण्यांच्या माळा, कानातले आणि पैंजण असे काही नग तयार करून पुण्यातील एका प्रदर्शनात ठेवले आणि ते दोन दिवसांत संपले. त्यातून आलेल्या पैशांनी पाड्यावर धान्यकोष सुरू करायचा, असे गटाने ठरवले आहे.

धान्यकोषाची गरज का पडते, हे आधी सांगते. आमच्याकडे खरिपाची ज्वारी आणि मका दिवाळीच्या सुमारास घरात येतो आणि बहुतेक घरांत आषाढापर्यंत संपतो. आषाढ, श्रावण आणि भाद्रपद हे तीन महिने शेतात सर्वांत जास्त राबण्याचे असतात आणि कणगी रिकामी असते तीही नेमकी तेव्हाच. रेशनवर 2013 च्या अन्नसुरक्षा कायद्यानुसार माणशी 5 किलो धान्य मिळते आणि 2023 पासून ते मोफत आहे, ही मोठीच गोष्ट आहे. तरीही सहा माणसांच्या घराला त्यातून महिन्याला 30 किलो मिळते. गटातील बायकांनी घरचे माप मांडले, तेव्हा दिवसाला अडीच किलो, म्हणजे महिन्याला 75 किलो धान्य लागते असे निघाले. उरलेले 45 किलो दुकानदाराकडून उधारीवर येते आणि दिवाळीनंतर सवाईने (सव्वापट), कधी दिढीने (दीडपट) फेडले जाते.

केंद्र शासनाने 1996-97 मध्ये ग्रामीण धान्य बँकेची योजना आणली होती. तीस-चाळीस कुटुंबांनी मिळून एक कोष करायचा आणि प्रत्येक कुटुंबाला एक क्विंटलपर्यंत धान्य उसने द्यायचे, अशी तिची रचना होती. तेच माप आम्ही घेतले आहे. चाळीस कुटुंबांना 40 क्विंटल ज्वारी लागेल. संकरित ज्वारीचा 2025-26 चा हमीभाव क्विंटलला 3,699 रुपये आहे, म्हणजे सुमारे 1,48,000 रुपये एकदा उभे करावे लागतील. एका माळेमागे खर्च वजा जाता 400 रुपये उरतात असे धरले, तर 370 माळा विकाव्या लागतील.

माझे प्रश्न असे आहेत. नाण्यांचे दागिने करणे कायद्यात बसते का? नाणी कोठून घ्यावीत? गेल्या वर्षी सर्वांत आधी विकले गेले ते चांदीच्या जुन्या रुपयांचे नग होते. ते वाढवावेत का? आणि धान्यकोष चालवण्याचा अनुभव कोणाला असेल, तर त्यात कोठे ठेच लागते, तेही कृपया लिहावे.

खुर्दा

रानवाट ताई, मी तीस वर्षे नाणी जमवतो आहे, त्यामुळे कायद्याच्या प्रश्नाचे उत्तर मला द्यावेच लागले आहे, इतरांनाही आणि घरच्यांनाही.

आपल्याकडे 2011 चा नाणे कायदा लागू आहे. त्यानुसार चलनातील नाणे वितळवणे, मोडणे किंवा विनिमयाखेरीज अन्य कामासाठी वापरणे हा गुन्हा आहे आणि त्याला तुरुंगवासाची तरतूद आहे. दर्शनी किमतीपेक्षा वेगळ्या किमतीला विकण्यासाठी नाण्यांचा गरजेबाहेर साठा करणेही त्यात येते. त्यामुळे एक, दोन, पाच, दहा आणि वीस रुपयांच्या नाण्यांना भोक पाडून माळ करू नये. समाजमाध्यमांवर अशा माळा बिनदिक्कत विकल्या जातात, म्हणून त्या कायदेशीर होत नाहीत. पन्नास पैसे बाजारात कोणी घेत नसले, तरी ते नाणे अजून कायदेशीर चलन आहे. येथे बरेच लोक फसतात.

मात्र या कायद्यातील नाण्याची व्याख्या कायदेशीर चलनापुरती आहे. पंचवीस पैसे आणि त्याखालील सर्व नाणी 30 जून 2011 पासून चलनातून गेली. ॲल्युमिनियमचा एक पैसा, चौकोनी पाच पैसे, षट्कोनी तीन पैसे आणि वीस पैसे, कातरलेल्या कडांचे दोन आणि दहा पैसे, गेंड्याच्या चित्राचे स्टीलचे पंचवीस पैसे ही सारी तुम्हाला मोकळी आहेत. आकारांची इतकी विविधता आयती मिळत असताना चांदीकडे कशाला जायचे?

माझी स्वतःची शिफारस भोकाच्या पैशाची आहे. युद्धकाळात तांबे वाचवण्यासाठी 1943 ते 1947 या वर्षांत सरकारने मधोमध मोठे भोक असलेला कांशाचा पैसा पाडला. आमच्या पिढीतील कित्येक पोरे हा पैसा करगोट्यात बांधून वाढली. त्याला छिद्र पाडावे लागत नाही, डाग देऊन (धातूचा टाका घालून) कडी जोडावी लागत नाही, आणि तो अजूनही स्वस्त मिळतो, कारण तो अमाप पाडला गेला होता.

आता चांदीच्या रुपयांविषयी. शंभर वर्षांहून जुने नाणे 1972 च्या पुरावस्तू कायद्याखाली पुरावस्तू ठरते. अशा वस्तूंचा व्यापार करण्यास परवाना लागतो आणि त्या देशाबाहेर पाठवण्यास खाजगी माणसाला मनाई आहे. राणीछाप रुपये, एडवर्डचे रुपये आणि पंचम जॉर्जचे आरंभीचे रुपये आता त्या रेषेपलीकडे गेले आहेत. घरात वारशाने आलेली माळ गळ्यात घालण्यास कोणाचीही हरकत नाही. प्रश्न धंदा करण्याचा आहे. आणखी एक गोष्ट सांगतो. कोणी जमिनीत सापडलेली नाणी आणून दिली, तर ती मुळीच घेऊ नका. त्यासाठी 1878 चा निखात निधीचा कायदा आहे आणि अशी नाणी जिल्हाधिकाऱ्यांना कळवावी लागतात.

टाकणखार

आमचे घराणे खानदेशातील सोनारांचे. माझ्या आजोबांनी साठ वर्षे बाजाराच्या दिवशी डोंगरातून उतरणाऱ्या लोकांसाठी रुपयांच्या माळा बांधल्या. म्हणून कामाच्या बाजूने चार गोष्टी लिहितो.

रुपयाच्या माळेत सोनाराचे काम थोडेच असते. नाण्याच्या कडेला कोयंडा डागायचा आणि पुढे पटवेकऱ्याने ती गाठवायची. चांदीच्या रुपयाला चांदीचाच टाका लागतो आणि टाकणखार लावून तो चांगला वाहतो. तुमच्या ॲल्युमिनियमच्या नाण्यांना मात्र साधा डाग धरत नाही. तेथे वेळ घालवू नका, भोक पाडून कडी घाला. स्टीलच्या गेंड्याला भोक पाडताना साधे गिरमीट बोथट होते, म्हणून कोबाल्टचे पाते घ्या, तेलाचा थेंब सोडत राहा आणि घाई करू नका. भोकाची मागची कड कानशीने घासली नाही, तर पंधरा दिवसांत दोरा कापला जातो आणि गिऱ्हाईक परत येते. आमच्याकडे अशी तक्रार आली, तर आजोबा दिवसभर कोणाशी बोलत नसत.

तुमच्या गटातील बायका घरात, मुलांजवळ बसून काम करणार आहेत. म्हणून बाजारात मिळणारा शिशाचा डाग अजिबात वापरू नका. शिशाचा अंश बोटांवरून भाकरीत जातो आणि लहान मुलांना त्याचा सर्वांत अधिक धोका असतो. ज्या कामाचा हेतूच पोट भरणे हा आहे, त्यात हे येता कामा नये. तांबे-निकेल मिश्रणाची जुनी पंचवीस पैशांची नाणी आणि जर्मन सिल्व्हरच्या कड्या काही लोकांच्या कातडीला चावतात, कारण दोन्हींत निकेल असते. कानातल्यांसाठी तरी त्या टाळा.

नाणी लिंबू-चिंच लावून चकचकीत करू नका. जुनेपणाची काळी झाक हीच त्यांची शोभा आहे, शिवाय एकदा घासलेले नाणे खुर्दांसारखे लोक हातात धरत नाहीत.

खुर्दा

काका, हे शेवटचे वाक्य मी छापून माझ्या कपाटावर लावणार आहे.

अक्राणीकर

मी धडगाव तालुक्यातीलच आहे, पावरा समाजाचा आहे आणि शाळेत शिकवतो. वरील चर्चा मी दोनदा वाचली. कायदा आणि कारागिरी याबद्दल जे लिहिले आहे, ते उपयोगी आहे. तथापि चांदीच्या रुपयांबद्दल कोणी एक गोष्ट विचारलेली नाही. ते रुपये प्रदर्शनातील टेबलापर्यंत आले कोठून?

माझ्या आजीच्या गळ्यात चांदीच्या कलदार रुपयांची माळ होती. त्या माळेत किती रुपये आहेत, हे घरातील प्रत्येकाला ठाऊक असे, कारण त्या संख्येवरून घरचे वर्ष कसे गेले ते कळत असे. पाऊस चांगला झाला, तर होळीआधी भोंगऱ्या बाजारात एखादा रुपया माळेत वाढे. पाऊस दगा देई, तेव्हा आजी एक रुपया काढून देई, वडील बाजाराला जात आणि येताना पाठीवर ज्वारीची गोणी असे. आमच्याकडे बँक नव्हती, रस्ता नव्हता आणि कणगीतील धान्याला कीड लागू शकत होती. गळ्यातल्या चांदीला कीड लागत नाही. शहरातील लोक याला आदिवासी दागिना म्हणतात. आमच्या घरी ते धान्य होते.

दागिन्यासाठी रुपयाच का निवडला, हेही सांगतो. सोनाराने घडवलेल्या वाळ्यात किती चांदी आणि किती तांबे, हे अक्षरओळख नसलेल्या माणसाला कळत नाही. मोडायला गेल्यावर घट कापली जाते आणि मजुरी बुडते. रुपया मात्र मोजता येतो. तो एक तोळ्याचा आहे, हे सर्वांना माहीत होते, आणि दगडावर टाकला की तो आवाजाने आपली साक्ष देत असे. फसवणुकीपासून वाचण्यासाठी आमच्या बायकांनी शोधलेली ही युक्ती होती.

आता आठवडी बाजारात जे चांदीचे रुपये विकायला येतात, ते बहुतेक आषाढ-श्रावणात येतात. दवाखाना, बियाणे किंवा धान्य यांपैकी काहीतरी निकडीचे असते. घेणारा वजनावर घेतो, काळपटपणाचे कारण सांगून काही कापतो आणि तोच रुपया शहरात हस्तकला म्हणून अनेक पटींनी विकला जातो. चांदीने किलोमागे लाखाचा टप्पा ओलांडल्यापासून हे फार वाढले आहे. रानवाट ताई, तुमच्या हेतूबद्दल मला शंका नाही. परंतु एका घराची कणगी विकत घेऊन, तिच्या नफ्यातून त्याच पाड्यावर कणगी भरायची, असा हा व्यवहार होतो. चांदीचा रुपया परत माळेत येत नाही. पुढच्या दुष्काळात त्या घराजवळ काढून देण्यासारखे काही उरलेले नसते.

रानवाट

गुरुजी, तुमचा प्रतिसाद वाचून काल मी गटाची वही उघडली. गेल्या वर्षी वापरलेले चांदीचे बहुतेक रुपये मी स्वतः आठवडी बाजारातून ऑगस्ट महिन्यात घेतले होते. ते कोणी विकले, हे मी विचारले नव्हते. आज बैठकीत हा विषय काढला, तेव्हा दोघीजणी हसल्या आणि त्यांतील एक म्हणाली, की त्यातला एक रुपया तिच्या सासूचा होता आणि शहरातल्या बाईच्या गळ्यात तो कसा दिसला, हे तिला विचारायचे होते. मी काही बोलू शकले नाही.

चांदीचे काम आजपासून बंद केले आहे.

खुर्दा

गुरुजींनी जे लिहिले, त्याला इतिहासातही आधार आहे. 1876 ते 1878 च्या मोठ्या दुष्काळात दख्खनमधून दागिन्यांची चांदी मुंबईच्या टांकसाळीत वितळवण्यासाठी मोठ्या प्रमाणावर आली आणि तत्कालीन अधिकाऱ्यांनी त्या आवकेकडे दुष्काळाच्या तीव्रतेची खूण म्हणून पाहिले. 1835 नंतर कंपनी सरकारने सर्वत्र एकाच वजनाचा रुपया पाडला, 11.66 ग्रॅमचा आणि बारापैकी अकरा भाग शुद्ध चांदीचा. हे प्रमाण शंभर वर्षांहून अधिक काळ टिकले. 1940 मध्ये चांदी निम्म्यावर आली आणि 1947 मध्ये रुपया पूर्ण निकेलचा झाला. त्यामुळे डोंगरातील म्हाताऱ्या बायका राणीछाप रुपया आणि नंतरचा रुपया यांत भेद करतात, तो हौसेने करत नाहीत. त्या टंच, म्हणजे चांदीचा कस, पाहत असतात.

विषयाला थोडे सोडून एक सांगतो. नाणी गळ्यात घालण्याची रीत डोंगरापुरती नव्हती. आपल्या पुतळीमाळेतील पुतळी हे नाव व्हेनिसच्या सोन्याच्या नाण्यावरील उभ्या मनुष्याकृतीवरून आले, असे मानले जाते. श्रीमंतांच्या घरी पुतळ्या होत्या, गरिबांच्या घरी चवल्या-पावल्या. अडचणीच्या दिवशी दोघांचाही उपयोग सारखाच होत असे.

कणगी

मी कृषी विस्ताराचे काम करत असे, आता निवृत्त आहे. दोन धान्यकोष माझ्या डोळ्यांसमोर उभे राहिले आणि एक डोळ्यांसमोर बुडाला. रानवाट यांनी ठेच कोठे लागते असे विचारले आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

पहिली गोष्ट खरेदीच्या वेळेची. दागिन्यांचे पैसे हाती आले, की लगेच धान्य घेण्याचा मोह होतो. श्रावणात धान्य सर्वांत महाग असते. खरेदी दिवाळीनंतरच्या महिना-दीड महिन्यात झाली पाहिजे आणि शक्य तितकी पाड्यावरच झाली पाहिजे. दुकानाची उधारी फेडण्यासाठी लोक त्याच दिवसांत पडेल भावाने ज्वारी विकतात आणि सहा महिन्यांनी तीच ज्वारी चढ्या भावाने परत घेतात. कोषाने त्या वेळी हमीभावाने खरेदी केली, तर विकणाऱ्या घराचा तोटा थांबतो आणि धान्य डोंगर उतरून खाली जात नाही. वाहतुकीचा खर्चही वाचतो, जो तुमच्याकडच्या रस्त्यांवर किरकोळ नसतो.

दुसरी गोष्ट, काय साठवावे. ज्वारीला पावसाळ्यात सोंडे आणि भुंगे लागतात. कडक उन्हात वाळवलेला दाणा दाताखाली कट्कन तुटला पाहिजे, मगच तो आत घ्यावा. बांबूची कणगी शेणामातीने लिंपून, दगडांवर उंच ठेवून, राख आणि कडुनिंबाचा पाला घालून आपले लोक साठवण करत आले आहेत. आता हवाबंद पिशव्या मिळतात आणि त्या खरोखर चांगल्या आहेत, मात्र उंदराने एक भोक पाडले की त्यांचा उपयोग संपतो. मोर, भादी यांसारखी तुमच्याकडील बारीक धान्ये आणि नाचणी कोषात थोडी तरी ठेवा. टरफलासकट ठेवलेली बारीक धान्ये वर्षानुवर्षे टिकतात. त्यांची अडचण कांडण्याची आहे. ते काम बायकांच्या अंगावर पडते आणि म्हणूनच ही धान्ये घरांतून कमी झाली. नाचणीला ती अडचण नाही.

तिसरी गोष्ट वसुलीची. माझ्या डोळ्यांसमोर जो कोष बुडाला, तो चोरीने किंवा भांडणाने बुडाला नाही. एका वर्षी पाऊस गेला, कोणालाच परत करता आले नाही, आणि नियमात त्याची सोयच नव्हती. लोक लाजेने बैठकीला येईनासे झाले. पुढच्या वर्षी पीक चांगले आले, तरी जुने देणे दुप्पट वाटू लागले आणि कोठाराला कुलूप लागले ते कायमचे. म्हणून पहिल्याच दिवशी लिहून ठेवा, की पीक बुडाल्याचे बैठकीत ठरले, तर त्या वर्षाचे देणे वाढ न लावता पुढे जाईल. शंभर किलोला एकशे पाच किलो परत घ्यावेत. ते वरचे पाच किलो सुकण्याची आणि किडीची तूट भरण्यासाठी असतात, नफ्यासाठी नसतात. दागिन्यांच्या मिळकतीचा तिसरा हिस्सा रोख राखून ठेवा, म्हणजे बुडीत वर्षी कोष पुन्हा भरता येईल. माझ्या मते दागिन्यांचा खरा उपयोग पहिल्या भांडवलापेक्षा या राखीव रकमेसाठी अधिक आहे. पाऊस पडला नाही म्हणून पुण्यातील माणूस कानातले घेणे थांबवत नाही.

बियाणे कोषात मिसळू नका. भुकेच्या महिन्यात बियाणे खाल्ले जाते, यात दोष कोणाचाच नसतो. अकोले तालुक्यातील कोंभाळणे येथे राहीबाई पोपेरे यांनी देशी वाणांची जी बियाणे बँक उभी केली आणि ज्यासाठी त्यांना 2020 चा पद्मश्री जाहीर झाला, तेथे बियाण्याची मांडणी कशी वेगळी ठेवली जाते, हे तुमच्या गटाने एकदा जाऊन पाहावे.

हिशेबनीस

रानवाट, तुमच्या 400 रुपयांत एक जागा मोकळी दिसते. त्यात बायकांची मजुरी धरली आहे का?

रानवाट

धरलेली नाही. गटाने आपणहून सांगितले होते, की पहिल्या वर्षी मजुरी नको, सारे पैसे धान्यात घालू.

हिशेबनीस

त्यांनी सांगितले असेल, तरी तो हिशेब मी मान्य करणार नाही. ज्या घरांत तीन महिने धान्य पुरत नाही, त्याच घरांतील बायका फुकट काम करून धान्यकोषाला देणगी देत आहेत, असे वहीत दिसेल. माळेला अर्धा दिवस लागत असेल, तर 200 रुपये मजुरी आधी काढा. रोजगार हमीचा 2025-26 चा महाराष्ट्रातील दर दिवसाला 312 रुपये आहे, त्या तुलनेत हे कौशल्याच्या कामाला साजेल असे आहे. मग माळेमागे 200 रुपये उरतात आणि 370 ऐवजी 740 माळा लागतात. अकरा जणींत वाटल्या, तर प्रत्येकीला 67 माळा, म्हणजे साधारण चौतीस दिवसांचे काम येते. ते एका वर्षात करण्याची गरज नाही. पहिल्या वर्षी वीस कुटुंबांचा कोष करा, दुसऱ्या वर्षी उरलेली वीस घ्या.

किंमत वाढवण्यासाठी दयेची जाहिरात मात्र करू नका. उपाशी मुलांचे चित्र लावून विकलेली माळ लोक एकदाच घेतात. भोकाचा पैसा कोणत्या वर्षी आणि का पाडला गेला, हे चार ओळींत छापून माळेबरोबर दिले, तर घेणारा ते दुसऱ्याला वाचून दाखवतो. विक्रीचे पैसे केव्हा मिळणार, हेही लेखी घ्या.

रानवाट

या शेवटच्या वाक्याचा आम्हाला अनुभव आहे. प्रदर्शन भरवणाऱ्यांनी आमचे पैसे चार महिन्यांनी दिले. प्रदर्शन दिवाळीआधी होते आणि रक्कम फाल्गुनात आली. तोपर्यंत ज्वारी खाली गेली होती आणि आम्ही आषाढात महाग धान्य घेतले. तेव्हा मला वाटले होते, की केवळ उशीर झाला. कणगी यांचे वाचल्यावर त्या उशिराची किंमत कळली.

सातासमुद्रापार

मी जर्मनीत राहते. येथील मराठी मंडळाच्या गणेशोत्सवात आणि दिवाळीच्या कार्यक्रमात माळा ठेवता येतील. पन्नास-साठ सहज जातील, असे वाटते. काहींनी थेट देणगी देण्याचीही तयारी दाखवली आहे. काय करावे?

खुर्दा

भोकाचा पैसा 1943 पासूनचा आहे, त्यामुळे पुरावस्तू कायद्याचा अडथळा त्याला आज तरी येत नाही. आणखी सतरा-अठरा वर्षांनी येईल, तेव्हा हा धागा कोणीतरी वर काढावा.

हिशेबनीस

देणगी आणि विक्री यांची सरमिसळ करू नका. परदेशी नागरिकांकडून देणगी घेण्यासाठी विदेशी अंशदानाच्या कायद्याखाली नोंदणी किंवा पूर्वपरवानगी लागते आणि ती या गटाकडे असण्याचा संभव नाही. मालाची विक्री, बीजकासह आणि रास्त किमतीला, हा साधा व्यापार आहे आणि तो त्या कायद्यात येत नाही. म्हणून शंभराची माळ हजाराला घेऊन उरलेले दान समजा, असे प्रेमानेही करू नका. युरोपीय संघात अंगाला लागणाऱ्या दागिन्यांतून निकेल किती सुटावे, यावर मर्यादा आहे. टाकणखार काकांनी सांगितल्याप्रमाणे निकेलची नाणी आणि जर्मन सिल्व्हरच्या कड्या तिकडे पाठवूच नका. कांशाचा पैसा आणि सुती गोफ पुरेसा आहे.

अक्राणीकर

ताई, एक सुचवतो. धान्यकोषाच्या नियमांत असे लिहिता येईल का, की चांदी विकण्याची वेळ आलेल्या घराने आधी कोषाकडे यावे आणि त्या घराला रांगेत पहिले धान्य मिळावे? रुपया माळेत राहिला, की ते घर पुढच्या वर्षीही आपल्या पायावर उभे असते. होळीला तो रुपया अंगावर दिसला, म्हणजे कोष चालला असे मी समजेन. त्यासाठी वेगळी पाहणी करावी लागणार नाही, होळीच्या रात्री सारा पाडा समोर असतो.

रानवाट

गुरुजी, हा नियम आज बैठकीत मांडला. एकीने विचारले, की चांदी विकायची वेळ आली आहे, हे ठरवणार कोण? दुसरी म्हणाली, की बाई स्वतः येऊन सांगते तेव्हा वेळ आलेलीच असते, तिला पुरावा मागायचा नाही. तसेच लिहून घेतले आहे.

बाकीचे निर्णय असे झाले. माळेमागे 200 रुपये मजुरी आधी निघेल. पहिल्या वर्षी वीस कुटुंबे, पंधरा क्विंटल ज्वारी आणि पाच क्विंटल नाचणी व मोर मिळून. नाचणीचा 2025-26 चा हमीभाव 4,886 रुपये असल्याने खर्च थोडा वाढेल. खरेदी कार्तिकात आणि पाड्यावरूनच होईल. कोठाराला दोन कुलपे असतील आणि किल्ल्या दोन वेगळ्या घरांत राहतील. शंभराला एकशे पाच परत घ्यायचे आणि पीक बुडाले तर देणे तसेच पुढे न्यायचे, यावर सर्वांचे एकमत झाले. मिळकतीचा तिसरा हिस्सा राखून ठेवण्यावर मात्र वाद झाला आणि तो अजून मिटलेला नाही. निम्म्या बायकांचे म्हणणे आहे, की पैसा बँकेत पडून राहण्यापेक्षा धान्य कणगीत दिसलेले बरे. त्यांना मी घाई करणार नाही.

आता अडचण एकच आहे. भोकाचे पैसे एकगठ्ठा कोठे मिळतील?

खुर्दा

माझ्याकडे बिस्किटांच्या दोन डब्यांत भोकाचे पैसे पडून आहेत. संग्राहकाच्या दृष्टीने त्यांत काही विशेष नाही. कडा झिजलेल्या आहेत आणि काहींवरील साल वाचता येत नाही, पण माळेला ते चालतील. काल रात्री सौभाग्यवतींच्या मदतीने मोजले, 1,140 भरले. पहिल्या खेपेची किंमत नको. पुढच्या खेपेपासून ज्या भावाने मला मिळतील, त्या भावाने देईन, म्हणजे हिशेबनीसांची वही बिघडणार नाही. पत्ता व्यक्तिगत निरोपात पाठवा, सोमवारी पार्सल करतो. डब्यांत थोडे 1944 चे आहेत, ते वेगळ्या पुडीत बांधले आहेत. त्यांतील एक करगोट्यात ओवून परत पाठवता आला, तर पाठवा. नातू आठ महिन्यांचा आहे.

टाकणखार

खुर्दाशेठ, करगोटा काळ्या गोफाचा सांगा आणि गाठ सरकती ठेवायला सांगा. पोर वाढते.